भिंतीवरचा शिकारी : उडी मारणाऱ्या कोळ्याची ओळख

कोळी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम त्याचे जाळे उभे राहते. पुस्तकातील चित्रात जाळे असते, फळ्यावर आपण काढतो त्या आकृतीत जाळे असते आणि मुलांच्या वहीतही तेच उतरते. परंतु सर्वच कोळी भक्ष्यासाठी जाळे विणीत नाहीत. कोळ्यांचे जे सर्वांत मोठे कुल आहे, त्यातील बहुतेक सर्व कोळी जाळ्यावाचूनच पोट भरतात. ते भक्ष्य दुरून पाहतात, मांजराप्रमाणे दबा धरून जवळ जातात आणि नेमकी उडी घालून त्याला पकडतात. शास्त्रज्ञ या कुलाला 'साल्टिसिडी' म्हणतात. उडी मारणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले आहे. आपण त्याला सोयीसाठी 'उड्या कोळी' म्हणू.

हा प्राणी प्रत्येक शाळेत उपस्थित असतो, मात्र हजेरीपटावर त्याचे नाव नसते. खिडकीची चौकट, वर्गाची उन्हाकडील भिंत, कुंपणाची झाडे, पाण्याच्या टाकीची कड, या सर्व त्याच्या जागा होत. परिसर अभ्यासाच्या तासाला निरीक्षणासाठी इतके सुलभ, निरुपद्रवी आणि विनाखर्चाचे साधन दुसरे क्वचितच मिळेल. म्हणून त्याची सविस्तर ओळख येथे करून देत आहे.

कोठे पाहावा?

पुणे जिल्ह्यातील शिक्षकांना गुलटेकडीचे मार्केट यार्ड अपरिचित नाही. आपल्या गावची भाजी, फळे, फुले, कांदा, बटाटा येथे उतरतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा मालही येथील आडत्यांच्या गाळ्यांवर जातो. जेथे गूळ आणि पिकलेली फळे असतात तेथे माशा येणारच. आणि जेथे माशा येतात तेथे माश्यांवर जगणाराही येतो. तेव्हा मालाचा तोल होऊन पट्टी हाती पडेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यातील दहा मिनिटे एखाद्या उन्हे आलेल्या भिंतीजवळ उभे राहून घालवावीत. भिंतीवर अर्धा ते एक सेंटीमीटर लांबीचा, बेताने चालणारा, मध्येच थबकून मान वळविल्यासारखा पाहणारा एखादा जीव दिसला तर तो उड्या कोळी होय, असे समजण्यास हरकत नाही.

मनुष्यवस्तीत वावरणाऱ्या तीन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली 'मेनेमेरस बायव्हिटॅटस'. हिचे शरीर चपटे व राखी असते आणि कडांनी गडद पट्टे असतात. भिंतीच्या रंगात ती सहज मिसळून जाते. दुसरी 'प्लेक्सिपस पेकुली'. हिचा नर काळा असून त्याच्या पाठीवर पांढरे पट्टे उठून दिसतात. तिसरी 'हॅसेरियस ॲडान्सोनी'. हिचा नर काळसर असून त्याच्या अंगावर चंद्रकोरीसारखी पांढरी खूण असते. या तीनही जाती माणसाच्या मालाबरोबर प्रवास करीत जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत पोचल्या आहेत. शेवटच्या दोन जातींचे शास्त्रीय वर्णन १८२६ साली ओदुअँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने इजिप्तमधील नमुन्यांवरून केले. आणि आज त्याच जाती आपल्या घरांतून फिरताना दिसतात. व्यापाराच्या वाटेने केवळ धान्य आणि मसालेच जात नाहीत, लहान जीवही जातात, हे मुलांना सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

शरीररचना

कोळी हा कीटक नव्हे, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करावी. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात. कोळ्याचे डोके व वक्ष एकत्र जोडलेले असून मागे उदर असते, म्हणजे भाग दोनच. कोळ्याला पंख नसतात, मिशाही नसतात. तोंडाजवळ हातांसारखे दोन लहान अवयव मात्र असतात. मुले पुष्कळदा त्यांना पाय समजून दहा पाय मोजतात. अशा वेळी मुलाला चुकीचे ठरवू नये. त्याने नीट पाहिले आहे, म्हणूनच त्याची मोजणी दहा झाली आहे. त्या अवयवांना 'स्पर्शपाद' म्हणतात एवढे सांगावे.

डोळे

या प्राण्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या डोळ्यांत आहे. त्याला आठ डोळे असतात. त्यांतील मधले दोन फार मोठे असून मोटारीच्या दिव्यांप्रमाणे सरळ पुढे रोखलेले असतात. उरलेले सहा डोळे डोक्याच्या बाजूंना व मागे असतात. दोन्ही प्रकारच्या डोळ्यांत कामाची वाटणी झालेली आहे. बाजूच्या डोळ्यांना जवळजवळ चहूकडचे दिसते, पण ते मुख्यतः हालचाल टिपतात. काही हलले की कोळी झटकन त्या दिशेला वळतो. मग मधले मोठे डोळे ती वस्तू काय आहे याचा बारकाईने शोध घेतात.

मोठ्या डोळ्यांची रचना दुर्बिणीच्या नळीसारखी लांबट आहे. पुढचे भिंग डोक्याच्या कवचात पक्के बसविलेले असते, त्यामुळे आपल्याप्रमाणे बुबुळ फिरविणे कोळ्याला शक्य नसते. त्याऐवजी नळीच्या आतल्या टोकाचा दृष्टिपटल स्नायूंच्या साहाय्याने हलतो. चौकट जागेवर ठेवून आतला पडदा सरकवावा, तशी ही योजना आहे. एखादा मनुष्य छापील ओळ वाचताना नजर फिरवितो, त्याप्रमाणे कोळी समोरील वस्तूवरून दृष्टिपटल फिरवून तिचे रूप जाणून घेतो.

अंतराचा अंदाज तो कसा घेतो, हाही मोठा मनोरंजक प्रश्न आहे. त्याच्या मोठ्या डोळ्याच्या दृष्टिपटलात एकावर एक असे चार थर असतात. एका थरावर हिरव्या प्रकाशाची प्रतिमा स्पष्ट उमटते, तर शेजारच्या थरावर तीच प्रतिमा पुसट उमटते. पुसटपणा किती आहे, यावरून कोळ्याला अंतर कळते. २०१२ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी वर सांगितलेल्या 'हॅसेरियस ॲडान्सोनी' याच जातीवर प्रयोग करून हे दाखविले. हिरव्या प्रकाशात कोळ्याच्या उड्या अचूक पडल्या. केवळ तांबड्या प्रकाशात मात्र त्या भक्ष्याच्या अलीकडेच पडू लागल्या. ज्या कोळ्याने जगाला ही गोष्ट शिकविली, तो आपल्या घरच्या भिंतीवरीलच एक आहे.

उडी

इतकी मोठी उडी मारणाऱ्या प्राण्याचे पाय टोळासारखे जाडजूड असावेत अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याचे पाय साधेच दिसतात. कोळ्याच्या पायांतील काही महत्त्वाच्या सांध्यांना पाय दुमडणारे स्नायू असतात, पण सरळ करणारे नसतात. पाय सरळ होतात ते शरीरातील रक्तद्रवाच्या दाबाने. ट्रॅक्टरची ट्रॉली तेलाच्या दाबाने वर उचलली जाते, हे ग्रामीण भागातील प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. तेच तत्त्व येथे आहे. कोळी शरीराच्या पुढील भागातील दाब एकाएकी वाढवितो, मागील पाय ताडकन सरळ होतात आणि तो स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट अंतर पार करतो. मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले का दिसतात, याचे उत्तरही यातच आहे. प्राण गेला की दाब नाहीसा होतो. दुमडणारे स्नायू तेवढे उरतात.

उडी मारण्यापूर्वी कोळी बसल्या जागी रेशमी धाग्याचे टोक चिकटवितो. हवेत असताना हा धागा मागे सुटत जातो. उडी चुकली तर कोळी खाली न पडता धाग्याला लोंबकळतो आणि पुन्हा वर चढतो. शिवाय हवेत असताना शरीराचा तोल सावरण्यासही धाग्याचा उपयोग होतो. म्हणजे हा कोळी जाळे विणीत नसला तरी धागा कातणे त्याने सोडलेले नाही. रात्रीच्या विश्रांतीसाठी, कात टाकण्यासाठी व अंड्यांच्या रक्षणासाठी तो त्याच धाग्याची पांढरी पिशवी तयार करतो. भिंतीवरील दिनदर्शिकेच्या मागे किंवा चौकटीच्या फटीत अशी पिशवी आढळते.

शिकार, विवाह व अपत्यसंगोपन

त्याची शिकार दिवसा, उजेडात चालते. माशी दिसली की तो तिच्याकडे तोंड करतो, हळूहळू अंतर कमी करतो, ती हलली की थांबतो आणि टप्प्यात येताच झेप घेतो. भारतासह दक्षिण व आग्नेय आशियात आढळणाऱ्या 'पोर्शिया' या प्रजातीची हुशारी याहून वरची आहे. ती दुसऱ्या कोळ्यांनाच खाते. जाळ्याच्या कडेला उभी राहून ती धागे अशा रीतीने हलविते की आतील कोळ्याला एखादा कीटक अडकला असे वाटावे. भक्ष्यापर्यंत सरळ वाट नसेल तर ती वळसा घालून जाते. त्या वळशात भक्ष्य काही काळ दृष्टीआड झाले तरी तिचा बेत मोडत नाही. मोहरीच्या दाण्याहून लहान अशा मेंदूत हे सामर्थ्य कसे सामावते, याचा अभ्यास अजून चालू आहे.

नर मादीपुढे नाचतो. पुढचे पाय उंच करून, बाजूला सरकून, शरीर थरथरवून तो आपली ओळख पटवितो. मादीने त्याला भक्ष्य समजू नये, हाही या नृत्याचा एक हेतू असतो. ऑस्ट्रेलियातील एका प्रजातीचे नर उदरावरील रंगीत पडदा मोराच्या पिसाऱ्याप्रमाणे उभारतात. मादी अंडी घातल्यावर पिशवीजवळ राखण करीत बसते. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१८ साली असे दाखविले की, 'टॉक्सिअस मॅग्नस' या मुंगीसारख्या दिसणाऱ्या जातीची मादी पिलांना दुधासारखा पोषक द्रव पाजते आणि पहिले सुमारे वीस दिवस पिले केवळ त्यावरच जगतात. २०२२ साली जर्मनीत अशाच दुसऱ्या एका जातीच्या पिलांचे रात्री निरीक्षण केले असता, विश्रांतीच्या काळात त्यांचे दृष्टिपटल अधूनमधून हलताना दिसले. स्वप्न पाहणाऱ्या माणसाचे डोळे झोपेत असेच हलतात. कोळी स्वप्न पाहतो असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु प्रश्न विचारण्यासारखा आहे खास.

विविधता

जगातील कोळ्यांच्या ज्ञात जाती पन्नास हजारांहून अधिक असून त्यांतील सहा हजारांहून अधिक जाती या एकाच कुलातील आहेत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोळ्यांची जागतिक नोंदवही ठेवली जाते. २०२२ साली तीत पन्नास हजारावी जात नोंदली गेली, तीही दक्षिण ब्राझीलमधील उड्या कोळ्याचीच होती.

या कुलातील रूपांची विविधता थक्क करणारी आहे. आपल्याकडे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आंब्याच्या झाडावर असतात. त्यांच्याच आसपास हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा एक उड्या कोळी वावरतो. तो पुढचे दोन पाय उचलून मुंगीच्या मिशांसारखे हलवितो. मुंग्या चावऱ्या असल्यामुळे पुष्कळ भक्षक त्यांना टाळतात आणि त्या भीतीचा लाभ या सोंगाड्याला मिळतो. हिमालयातील एक जात तर अतिउंचावर राहते. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील हिंग्स्टन यांना सुमारे ६७०० मीटर उंचीवर उड्या कोळी आढळले होते. मध्य अमेरिकेतील 'बघीरा किपलिंगी' या जातीचे नाव मुंबईत जन्मलेल्या किपलिंग या लेखकाच्या कथेतील काळ्या बिबळ्यावरून पडले आहे. बिबळ्याचे नाव धारण करणारा हा कोळी मुख्यतः बाभळीच्या जातीतील झाडांच्या पानांच्या टोकांवर जगतो, असे २००९ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील अभ्यास

हा अभ्यास परदेशातच होतो असे मात्र नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण या केंद्र शासनाच्या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात १९५९ पासून आहे. या संस्थेतील डॉ. बी. के. टिकादर यांनी १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. भारतीय कोळ्यांवरील त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९८७ साली निघाला.

त्यानंतरही नव्या जाती सापडतच आहेत. २०२१ साली ठाणे परिसरातील एका नव्या उड्या कोळ्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'आयसियस तुकारामी' असे ठेवण्यात आले. हे नाव सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी हाती केवळ काठी असताना अतिरेक्याची बंदूक पकडून धरली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो अतिरेकी जिवंत पकडला गेला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. ते सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. गावच्या शाळेतील मुलांना हे अवश्य सांगावे. ठाण्यासारख्या गजबजलेल्या शहराजवळ २०२१ पर्यंत शास्त्राला अज्ञात असलेली जात मिळते, तर आपल्या गावच्या माळावर आणि ओढ्याकाठी काय काय असेल याचा विचार मुलांच्या मनात आपोआप येईल.

भीती व वस्तुस्थिती

कोळी दिसला की चप्पल उचलायची, ही सवय मुले मोठ्यांकडून शिकतात. तिच्या मुळाशी विषाची भीती असते. कोळ्यांना विष असते हे खरे. परंतु उड्या कोळ्याचे विष माशीपुरते असते. तो माणसाला सहसा चावत नाही, आणि दाबला गेल्यामुळे चावलाच तरी माणसाला गंभीर अपाय होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले की 'कोळी फिरला' असे म्हणून घरगुती लेप लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. असे फोड कोळी अंगावरून चालल्याने उठत नाहीत. पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक लांबट, नारिंगी व काळ्या रंगाचा लहान किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसाने कातडी भाजते. काही वेळा ते फोड नागिणीचे असतात आणि नागीण हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. नागिणीवरील औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण येतो. कोळ्याला दोष देत बसण्यात हे तीन दिवस निघून जातात, आणि डोळ्याजवळ नागीण उठली असेल तर दृष्टीलाही धोका पोचू शकतो. म्हणून अशा वेळी रोग्याला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास शिक्षकाने सांगावे. निर्दोष प्राण्यावरील आळ दूर करण्यात माणसाचेही हित आहे, ते असे.

शेतात हेच कोळी तुडतुडे, लहान अळ्या व पतंग खातात. अविचाराने केलेल्या फवारणीत किडीबरोबर किडीचे शत्रूही मरतात, हा धडा शेतकऱ्यांच्या मुलांना या निमित्ताने देता येईल.

वर्गात काय करावे?

शाळाभेटींत असे दिसते की, निरीक्षणाच्या वहीतील चित्र बहुधा पुस्तकावरून उतरविलेले असते. या विषयापुरते तरी पुस्तक मिटून ठेवावे व पुढील उपक्रम घ्यावेत.

(१) मुलांचे चार-चारचे गट करावेत. प्रत्येक गटाने शाळेच्या परिसरातील एक भिंत किंवा झाड आठवडाभर पाहावे. कोळी किती दिसले, कोणत्या वेळी, उन्हात की सावलीत, काय धरले होते, हे तारखेसह लिहावे. कोळी न दिसल्यास तसेच लिहावे. तीही नोंदच आहे.

(२) कोळ्यापासून वीतभर अंतरावर काळ्या दोऱ्याला बांधलेला कापसाचा लहान गोळा हळूच हलवावा. कोळी कसा वळतो, किती अंतरावरून त्याची दखल घेतो, हे पाहावे.

(३) कोळ्यासमोर लहान आरसा धरावा. पुष्कळदा तो प्रतिबिंबाला दुसरा कोळी समजून पुढचे पाय उभारतो. प्रत्येक कोळी तसे करीलच असे नाही. किती वेळा केले याची नोंद ठेवावी.

(४) शिक्षकांनी मोबाइलवर समोरून छायाचित्र घेऊन ते मोठे करून दाखवावे. चारही पुढचे डोळे एका रांगेत दिसतात. नंतर मुलांनी स्वतः पाहिलेले चित्र काढावे.

(५) कोळ्याला हातात धरू नये, मारून डबीत ठेवू नये. जवळून पाहण्यासाठी पारदर्शक पेल्याखाली काही मिनिटे ठेवल्यास तास संपण्यापूर्वी त्याच भिंतीवर सोडून द्यावे. वर्ग झाडताना जुनी जळमटे काढावीत. उड्या कोळ्याला त्यांची गरज नसते.

या निरीक्षणाला गुण ठेवले नाहीत तरी चालेल. मात्र मुलांनी आणलेल्या नोंदी शिक्षकांनी वाचून त्यांवर वर्गात चर्चा करावी, आणि ज्या प्रश्नांचे उत्तर आपल्यालाही देता आले नाही ते भिंतीवरील तक्त्यावर लिहून ठेवावेत. कोळी आपल्याकडे वळून पाहतो, हे ज्या मुलाने एकदा स्वतः अनुभवले, ते मूल पुढे चप्पल उचलण्याआधी थांबून पाहील. निरीक्षणाच्या शिक्षणाची सुरुवात तेथून होते.